सूचक, अनुमोदक आणि सायकलीचा दिवा

आमच्या घरात कुठलीही गोष्ट नुसती ठरत नसे, ती मंजूर होत असे. पप्पा बारा वर्षं विहाराच्या समितीचे सचिव होते. पुढे सचिवपद गेलं, पण सवय गेली नाही, आणि ती सगळी सवय बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांवर येऊन पडली. रविवारी संध्याकाळी स्टीलच्या पेल्यावर चमच्याने तीनदा टण् टण् टण् वाजलं की सभा सुरू. अध्यक्ष अर्थात पप्पा. आई उपाध्यक्ष, पण ती त्याच वेळी तांदळाच्या भाकऱ्या थापत असे, त्यामुळे तिची मतं आतल्या खोलीतून, तव्यावरच्या सुकटीच्या वासासकट बाहेर यायची. तिसरी सदस्य आत्या, म्हणजे पप्पांची थोरली बहीण, नवरा वारल्यापासून आमच्याकडेच असायची. लोकशाहीत एक तरी विरोधी मत हवं, असं पप्पांनीच तिला कधीतरी सांगितलं होतं आणि तिने ते इतकं मनावर घेतलं की तिच्याच वाढदिवसाला शिरा करण्याच्या ठरावालाही तिने विरोध नोंदवला होता. चौथी मी, विशाखा, घरातली विशू. माझ्याकडे इतिवृत्त लिहिण्याचं काम होतं.

ते लांबडं रजिस्टर आज माझ्या कपाटात आहे. परवा चष्मा लावून चाळायला बसले आणि संध्याकाळ कशी गेली कळलं नाही. त्यात पंख्याला तेल घालण्याचा ठराव आहे. पाहुण्यांसमोर घोरू नये असा ठराव आहे, त्याला सूचक आई आणि अनुमोदक मी. भुते नसतात, असाही एक ठराव आहे, आत्याच्या विरोधासह बहुमताने मंजूर. आणि मध्येच तेवीस पानं अशी आहेत की त्यांत दुसरा विषयच नाही. त्या तेवीस पानांत फक्त सायकलीचा दिवा आहे.

पप्पा जांभूळकडच्या पाण्याच्या कामावर व्हॉल्व्हमन होते. तिथून कारखान्यांना पाणी जाई, आणि कुठला व्हॉल्व्ह किती फेरे फिरवला की कुठल्या लाइनला किती दाब येतो हे पप्पांना हाताने कळत असे. त्यांना पहिली पाळी आवडायची. सहाला हजर व्हायचं म्हणून ते पाचच्या आत निघत. त्या वेळी बदलापुरात रिक्षा नावाची वस्तू नसे, म्हणून सायकल. एका थंडीत ते दुपारी घरी आले ते डाव्या अंगाला वाळलेला चिखल आणि कोपराला पट्टी घेऊन. "घसरलो," एवढंच म्हणाले. आठवड्याने उजवं अंग चिखलाचं झालं. आईने रविवारची वाट पाहिली नाही, पोळपाटावर लाटणं आपटून तिने विशेष सभा बोलावली आणि उभ्या उभ्या ठराव मांडला की सायकल बंद करावी.

सायकल बंद म्हणजे पहिली पाळी बंद. पाळी बदलून मागायची तर साहेब कारण विचारणार, आणि अंधारात सायकलवरून पडणाऱ्या माणसाला कोणी व्हॉल्व्हवर ठेवत नाही, गेटवर रजिस्टर देऊन बसवतात. गेटवर बसणं म्हणजे पप्पांच्या लेखी जिवंतपणी फोटोला हार घालून घेणं होतं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला पाहवेना. मी तेव्हा अंबरनाथला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होते आणि पहिल्याच वर्षी, नेमक्या इलेक्ट्रॉनिक्समध्येच, माझा विषय राहिला होता, केटी बसली होती. घरात माझ्या विद्येबद्दल कोणी बोलत नसे, आणि ते न बोलणं मला फार लागायचं. मी हात वर केला आणि म्हणाले, "दोष सायकलचा नाही, डायनॅमोचा आहे. खड्डा आला की माणूस हळू होतो आणि माणूस हळू झाला की दिवा जातो. म्हणजे जिथे खड्डा तिथेच अंधार. मी बॅटरीवरचा एलईडीचा दिवा करते."

पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की केटी बसलेल्या मुलीकडे त्या वर्षात तसं कोणीच पाहिलं नव्हतं. आईने ठरावात दुरुस्ती मान्य केली. दिवा करावा, पण पप्पा पुन्हा पडले तर सायकल भंगारवाल्याला द्यावी, चर्चेविना. मग दिव्याच्या रंगाचा विषय निघाला आणि त्यावर दीड तास गेला. आत्याचं म्हणणं, निळाच पाहिजे, आपला रंग आहे, जयंतीला अख्खी गल्ली निळी असते तेव्हा कोणी पडल्याचं ऐकलंय का? आई भाकरी उलटत म्हणाली, "जयंतीला रस्त्यावर शंभर माणसं असतात, पडायला जागा कुठे असते?" मी पांढऱ्याच्या बाजूने बोलले, पण रंगाविरुद्ध बोलते आहे असं वाटू नये म्हणून इतकी जपून की ते कोणाला कळलंच नाही. मतदान झालं, दोन विरुद्ध दोन. पप्पांनी डोळे मिटून अध्यक्षांचं निर्णायक मत निळ्याला दिलं. आत्याचं मत जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे ती जरा गोंधळली आणि सवयीने विरोध नोंदवून बसली.

उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये आमच्या कॉलेजची सगळी पोरं ज्या दुकानात जायची तिथे मी गेले. दुकान म्हणजे एक बोळ, आणि बोळाच्या टोकाला बसलेले सिंधी काका. त्यांना सगळे साईं म्हणत. भिंतीवर शेकडो छोटे खण, खणांत कागदाच्या पुड्या. त्यांचं बहुतेक गिऱ्हाईक देवांच्या तसबिरींना लुकलुकणारी प्रभावळ लावणारं. त्यांनी चार पुड्या काउंटरवर सोडल्या. सगळे एलईडी सारखेच, साबुदाण्याच्या फुगलेल्या दाण्यासारखे पारदर्शक.

"ह्यातला निळा कुठला?"

"बेटा, बाहेरून सगळा एकच दिसतो. जळला की मग समजतो कोण आहे तो," असं म्हणून त्यांनी गोल सेलला एकेक दाणा चिमटीत धरून लावून दाखवला, लाल, हिरवा, पांढरा, निळा. "काम काय आहे?"

"सायकलचा हेडलाइट."

"तो फिर नीला कायको? नीले में रास्ता नहीं दिखता. सफेद ले, छोटे अँगलवाला, लांब फेकतो."

"निळ्याचा ठराव झालाय."

"किसका ठराव?"

"घरचा."

साईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग बारा निळे मोजून एका पुडीत बांधले आणि बारा पांढरे दुसऱ्या पुडीत. "ठराव बदलला तर," ते म्हणाले, "परत भाडं नको घालवूस."

आईच्या मिसळणाच्या डब्यातली मोहरीची वाटी मी पळवली, ती आतून आरशासारखी चकचकीत होती. वाटीला मागून भोकं पाडली, बॅटरी बंद पडलेल्या इमर्जन्सी दिव्यातली, स्विच साबणाच्या डबीवर. सोल्डरिंगच्या रोझिनचा धूर आणि सुकटीचा धूर एकमेकांत मिसळून घराला जो वास आला होता तो मला अजूनही कधी कधी, कारखान्यात पॅनेल तपासताना, उगाच येतो आणि भूक लागते.

निळा दिवा एकच दिवस चालला. पप्पांना त्यात काही म्हणजे काही दिसलं नाही, पण पप्पा मात्र अख्ख्या मुलखाला दिसले. पाइपलाइनच्या वळणावर समोरून भाजीचा टेम्पो आला, निळा दिवा पाहून कचकन थांबला, ड्रायव्हर खाली उतरला आणि लायसन्स पुढे धरून उभा राहिला. पप्पा कोणाचं मन मोडणारे नव्हते. त्यांनी लायसन्स हातात घेतलं, डोळ्यांपासून लांब धरून, जवळ धरून पाहिलं, "बरोबर आहे" म्हणाले आणि परत दिलं. ड्रायव्हरने त्यांच्या कॅरियरला दोन फ्लॉवर लावून दिले. फ्लॉवर ही लाच आहे की भेट यावर त्या रविवारी वीस मिनिटं चर्चा झाली आणि तोवर आईने त्याची भाजी केली होती. निळ्याचा ठराव रद्द झाला. "दोष निळ्याचा नाही, बघणाऱ्याचा आहे," असं आत्याने विरोधात नोंदवलं. ती केवढं खरं बोलून गेली हे आम्हाला पुढे दोन वर्षांनी कळलं.

पांढरे बारा दाणे बसवले त्या संध्याकाळी लोडशेडिंग होतं. मी गल्लीत सायकल उभी करून स्विच दाबला आणि समोरच्या घराची भिंत, भिंतीवरची पाल आणि पालीने तोंडात धरलेला किडा एवढं सगळं एकदम दिसलं. शेजारच्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने त्या उजेडात लग्नाची पत्रिका वाचून दाखवली. पप्पांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "केटी सुटेल." मला रडू आलं.

दोन दिवस सगळं छान. तिसऱ्या दिवशी पप्पा म्हणाले, "विशू, दिवा चांगला आहे. फक्त मध्येच जातो."

"कुठे?"

"जांभूळच्या अलीकडचा पाडा आहे ना, त्याच्या चिंचेपासून मोरीपर्यंत. मग आपोआप येतो."

रोज तेवढ्याच तुकड्यात. मी सगळे टाके पुन्हा मारले. स्विच बदलला. गारठ्याचा परिणाम असेल म्हणून दिव्याला प्लास्टिकची पिशवी बांधली. धक्क्याने जात असेल म्हणून आत्याला कॅरियरवर बसवून गल्लीतल्या खड्ड्यांतून सायकल दामटली, आत्याने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण दिवा हलला नाही. वरून जाणाऱ्या विजेच्या मोठ्या तारांचा परिणाम असावा असं मी वहीभर गणित करून सिद्ध केलं. आत्या म्हणाली, "त्या चिंचेवर काहीतरी आहे." पप्पांनी पेल्यावर चमचा मारून भुतांबाबतचा ठराव आधीच झाल्याची आठवण करून दिली. एरवी ते दिव्याचा विषय निघाला की छताकडे बघत. मला वाटायचं, त्यांना माझी कीव येते आहे.

मग एका दुपारी त्यांच्या पँटच्या गुडघ्याला चिखल दिसला. "उडाला," ते म्हणाले. आईने भंगारवाल्याची हाक ऐकू यावी म्हणून खिडकी उघडी ठेवायला सुरुवात केली. मी जाहीर केलं की उद्या पहाटे मी सोबत येते, टेस्टिंगला. पप्पा म्हणाले, "नाही." सूचक नाही, अनुमोदक नाही, मतदान नाही. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं.

म्हणून मी मागून गेले. मैत्रिणीची सायकल, आणि उरलेल्या पैशातून आणलेल्या सहा पांढऱ्या दाण्यांची हातातली बॅटरी. ती बंद ठेवून पप्पांच्या उजेडाच्या बरंच मागे राहून निघाले. थंडी कानात शिरत होती. चिंच आली तसे पप्पा थांबले. त्यांनी सायकलची घंटी तीनदा वाजवली, टण् टण् टण्, आमच्या सभेसारखीच. आणि मग स्वतःच्या हाताने दिवा बंद केला. पंधरा दिवस मी टाके मारत होते, आणि हा माणूस स्विच बंद करत होता. इतका राग मला पप्पांचा त्याआधी कधी आला नव्हता.

तेवढ्यात पुढच्या काळोखातून एक बाई बोलली. "आला गं काका." मग दुसरा आवाज, जरा पुढून, "सरल ये काका. सरल. सरल." मग आणखी पुढून तिसरा, ठणठणीत, "आता उजवीकरं घे. खड्डा हाय. हां, अजून घे." आणि पप्पांच्या चेनचा कुईकुई आवाज आज्ञाधारकपणे उजवीकडे गेला.

अंधारातच सायकल रेटत मी त्या आवाजांपर्यंत आले, काही समजेना, आणि मी जगातली सर्वात मूर्ख गोष्ट केली. मी हातातली बॅटरी लावली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डबे घेऊन बसलेल्या दहा-बारा बाया फडफडत उठल्या, कोणी पदर तोंडावर ओढला, कोणी पाठ केली. "कोनाची बत्ती ती?" असा जो गिल्ला झाला त्याने माझ्या हातातून बॅटरी पडली, हँडल सुटलं आणि मी ज्या खड्ड्यापासून पप्पांना वाचवायला निघाले होते त्याच खड्ड्यात सायकलसकट गेले.

ठणठणीत आवाजाच्या बाईने मला दंडाला धरून वर काढलं. तिचं नाव बारकीबाई. नावाला सोडून बाकी सगळी दांडगी. "काकाची पोर काय तू?" ती म्हणाली. "बाप शाना, पोर येरी." तिकडच्या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, येरी म्हणजे वेडी. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं होतं. तिने मात्र माझ्या अंगावरचा चिखल झटकता झटकता सगळं सांगितलं. ट्रकचा आवाज लांबून येतो, तेवढ्यात उठता येतं. पूर्वी काकाचा डायनॅमो कुरकुरायचा, तोही कळायचा. पण हा नवा दिवा आवाज न करता आला आणि दिवसासारखा पडला. पहिल्या दिवशी पप्पांना एक धोंडा बसला होता. पप्पांनी लगेच दिवा विझवला, त्यांच्याकडे पाठ केली आणि काळोखाची माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून चिंचेपाशी घंटी, दिवा बंद. "पन मग हा परायला लागला," बारकीबाई म्हणाली. "म्हून आमी सांगतो त्याला. परवा पाऱ्यात हळद होती, कोनी नव्हती इथं, तवा परला. त्याला दिसत नाय ना काळोखात. डोळ्यात मोती आलाय त्याच्या, तुमाला ठाव नाय?"

आम्हाला ठाऊक नव्हतं. चार माणसांची सभा दर रविवारी भरत होती, पालीच्या तोंडातला किडा आम्हाला दिसत होता, आणि पप्पांना दिसत नाही ही गोष्ट ज्यांनी त्यांचं तोंडही कधी धड पाहिलं नव्हतं त्या बायांना माहीत होती. मला लाज वाटली ती बॅटरी लावल्याची नाही, या गोष्टीची वाटली.

पप्पा पुढे मोरीपाशी थांबून राहिले होते. मी जवळ गेले तेव्हा बराच वेळ हँडल पुसत राहिले. मग म्हणाले, "विशू, घरात तीन बायका. तिथे दिवा का विझवतो ते मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो?" मी डोळ्यांचं विचारलं. "इतिवृत्तात सगळंच लिहायचं नसतं," ते म्हणाले. बारा वर्षं सचिव असलेला माणूस हे मला सांगत होता. त्यांना गेटवर बसायचं नव्हतं, आणि मी सतरा वर्षांची होते. मी लिहिलं नाही. ते पान आज वाचलं तर त्यावर 'दिव्यात दोष आढळला नाही' एवढंच आहे, आणि ते वाचताना मला अजून चोरासारखं वाटतं.

पण दिव्याचं काहीतरी करायला हवं होतं. मी पुन्हा साईंकडे गेले. काम ऐकल्यावर त्यांनी सगळ्या रंगांचे दोन-दोन दाणे एका पुडीत घातले. "ये तू नहीं चुनेगी," ते म्हणाले, "वो लोग चुनेंगे." त्या रविवारी दुपारी पाड्यावर, बारकीबाईच्या घरात, दार-खिडक्या लावून एलईडी निवडीची सभा झाली. पप्पांना आत प्रवेश नव्हता. ते रजिस्टर मांडीवर घेऊन ओट्यावर बसले होते. बारकीबाईने कसोटी ठरवली, आणि माझ्या सगळ्या कॉलेजात इतकी सोपी कसोटी मला कोणी सांगितली नव्हती. खाली टाकलेला खडा दिसला पाहिजे, पण कोणाची साडी कुठली ते कळता कामा नये. एकेक बाई पुढे येऊन पदर धरायची, मी सेलवर दाणा लावायची. पांढऱ्यात पदरावरची बुट्टीसुद्धा दिसली, पांढरा बाद. हिरव्याला सगळ्या जणी नको म्हणाल्या, त्यात तोंडं मेल्यासारखी दिसतात. पिवळ्यात एकीने दुसरीची साडी ओळखली आणि ती आपलीच आहे, उसनी नेली ती परत दिली नाही, असं भांडण निघालं. लाल लावला तशी शांतता झाली. सगळ्या साड्या एकाच मातकट रंगाच्या झाल्या आणि खडा खाली नीट दिसत होता.

"ह्यो," बारकीबाई म्हणाली. "एकच लाव. अन् खाली बघनारा लाव."

मी बाहेर येऊन पप्पांना ठराव सांगितला. ते लक्ष देत नव्हते. ओट्यासमोर संडासांची रांग होती, सहा, नवेकोरे, पत्र्याच्या दारांचे. पाचांत पेंढा भरला होता आणि सहाव्यात कोंबडी अंड्यांवर बसली होती. "बांधलेत, पन नळ कुठं हाय?" बारकीबाई म्हणाली. पलीकडच्या शेतातून केवढी जाड पाइपलाइन कारखान्यांकडे गेली होती. पप्पांनी रजिस्टरचं कोरं पान उघडलं आणि त्या कोंबडीकडे बघत अर्जाचा मायना लिहायला घेतला.

सायकलला मग दोन स्विच झाले. वरचा पांढरा, चिंचेपर्यंत आणि मोरीनंतर. मधल्या तुकड्याला चाकापुढे खाली तोंड केलेला एकच लाल दाणा. त्याचा उजेड एका परातीएवढा पडायचा. पप्पांना त्यात खड्ड्याची कड जेमतेम कळायची, त्यामुळे बाया सांगायच्या थांबल्या नाहीत. दोन वर्षं हे चाललं. त्या दोन वर्षांत पप्पा पडले नाहीत, आईने खिडकी लावून घेतली, माझी केटी सुटली आणि पप्पांचे अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. दर अर्जाची प्रत रजिस्टरला डकवलेली आहे. आईला फक्त एवढंच सांगितलं होतं की लाल दाणा धुक्यासाठी आहे.

शेवटी नळाची मंजुरी आली. पाड्याच्या लाइनला पाणी सोडायचं काम पप्पांच्याच पाळीला आलं आणि दुपारी घरी निघण्यापूर्वी त्यांनी स्वतःच्या हाताने तो व्हॉल्व्ह फिरवला. संध्याकाळी पेढे आणले, कशाचे ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते चिंचेपाशी थांबले. घंटी वाजवली, पांढरा बंद केला, लाल लावला, निघाले. कोणी बोललं नाही. त्यांना वाटलं, थंडी जास्त आहे, उशीर झाला असेल. खड्ड्याच्या अंदाजाने ते थांबले आणि पुन्हा घंटी वाजवली. पंधरा मिनिटं एक पाय जमिनीवर टेकून ते काळोखात उभे होते, कोणीतरी उजवीकडे घे म्हणेल म्हणून. तिकडे पाड्यात सगळ्या जणी नव्या नळाच्या कौतुकात संडासापुढे रांग लावून भांडत होत्या. शेवटी एक दूधवाला आला, त्याने त्यांना पलीकडे नेलं. नोकरीत पहिल्यांदा पप्पांना लेटमार्क लागला.

त्या रविवारी त्यांनी चमचा पेल्यावर एकदाच वाजवला. म्हणाले, "ऐनवेळचा विषय." आणि मग सगळंच सांगितलं, चिंच, बाया, लाल दाणा, डोळे. "पाणी मीच सोडलं," ते म्हणाले, "आणि मीच विसरलो. रस्त्यावर कोणी नव्हतं. मला फार बरं वाटलं. आणि मला खड्डा ओलांडता आला नाही." मी पेन धरून बसले होते, मला काही लिहिता येईना.

आई पिठाच्या हाताने बाहेर आली. "तुम्ही भातातला कडीपत्ता चावून खाता, दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "मला काय दिसत नाही? सांगाल म्हणून वाट बघत होते." मग तिने ठराव मांडला, डोळ्याचं ऑपरेशन करावं, पप्पांना गेटवर बसवलं तरी चालेल. मी अनुमोदन दिलं. सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं.

"विरोध," आत्या म्हणाली. "एका डोळ्याचं कशाला, दोन्हींचं करा."

दोन्हींचं झालं, महिन्याच्या अंतराने. गेटची वेळ आली नाही. दुसरी पट्टी सुटली त्या संध्याकाळी पप्पा अंगणात सायकलपाशी गेले आणि पांढरा दिवा लावून बघत राहिले. मग आम्हा सगळ्यांना हाक मारली. "विशू, हा पांढरा म्हणालीस ना तू? हा तर निळा आहे." मी नीट पाहिलं. त्या काळातले पांढरे एलईडी निळसरच असायचे. मोतीबिंदूने डोळ्याची काच पिवळी झाली की आधी निळाच रंग जातो हे मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे ज्या दिव्याला त्यांनी निर्णायक मत दिलं होतं, तो त्यांच्या डोळ्यांनाच दिसणं शक्य नव्हतं. आत्याने मान उडवली आणि निळ्याचा रद्द केलेला ठराव पुन्हा जिवंत करायला लावला. ते पान आहे माझ्याकडे.

कामावर जायच्या पहिल्या पहाटे मीही सोबत गेले, या वेळी मंजुरीने. पाड्याला माझ्याकडून सगळं कळलं होतं, काका काळोखात उभा राहिला होता ते, आणि ऑपरेशनचंही. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. तरी पप्पांनी चिंचेपाशी घंटी वाजवली आणि पांढरा बंद करून लाल लावला. खड्ड्याशी आल्यावर वाकून त्याच्याकडे पाहिलं. "एवढासाच आहे की," ते म्हणाले.

तेवढ्यात पाड्यातून, पत्र्याच्या बंद दाराच्या आतून, बारकीबाईचा ठणठणीत आवाज आला. "काका, उजवीकरं घे."

पप्पांना खड्डा अगदी स्वच्छ दिसत होता, डावीकडची वाट जास्त चांगली होती हेही दिसत होतं. ते उजवीकडूनच गेले.